दुसरी गोळी कोण काढणार?

रिस्पेरिडॉन चार मिलिग्रॅम, १-०-१. ओलान्झापिन पंधरा, ०-०-१. ट्रायहेक्सिफेनिडिल दोन, १-१-०. क्लोनाझेपाम अर्धा, झोपताना. महिन्यातून एकदा हॅलोपेरिडॉलचं तेलातलं इंजेक्शन. खाली एकच ओळ: ‘रिपीट ऑल, ३ महिने’.

ही चिठ्ठी मी रचलेली आहे, आणि तिच्यावरून भांडणारी दोन माणसंही. आत्या सरकारी मनोरुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका, पुण्यात कर्वेनगरात राहते. ओळखीपाळखीतली घरं तिच्याकडे फायली घेऊन येतात, कारण डॉक्टरांना विचारायला संकोच वाटतो, आत्याला विचारायला वाटत नाही. भाचा वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवतो. चिठ्ठी एका पस्तिशीतल्या मुलाची. निदान स्किझोफ्रेनियाचं, आजार अकरा वर्षांचा. मुद्दे मात्र मी रचलेले नाहीत. ते या आजाराच्या कुठल्याही घरात निघतात.

भाचा: आत्या, एकाच माणसाला तीन अँटिसायकॉटिक? दोन तोंडानं, एक सुईनं?

आत्या: आहेत ना. आणि चार वर्षं तो घरी आहे. त्याआधी दरवर्षी ॲडमिट व्हायचा. एकदा पोलीस बोलवावे लागले होते. आता सकाळी दूध आणतो, संध्याकाळी वडिलांबरोबर म्हात्रे पुलापर्यंत चालून येतो. तू कागद बघून बोलतोयस, मी माणूस बघते.

भाचा: मग माणसाबद्दलच विचारतो. दुपारी झोपतो?

आत्या: तीन-तीन तास.

भाचा: वजन?

आत्या: वाढलंय. साखर काठावर आहे. अरे, पण घरात कुणाला मधुमेह नाही असं आहे का? आई-वडील दोघंही गोळी घेतात.

भाचा: ओलान्झापिननं वजन आणि साखर वाढते हे तुलाही माहीत आहे. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. ही बेरीज कुणी केली आहे का? ब्रिटनमध्ये साधा हिशेब शिकवतात. प्रत्येक औषधाचा डोस त्याच्या कमाल डोसाच्या किती टक्के होतो ते काढायचं आणि टक्के एकत्र करायचे. रिस्पेरिडॉन दिवसाला आठ, कमाल सोळा: पन्नास टक्के. ओलान्झापिन पंधरा, कमाल वीस: पंच्याहत्तर. झाले सव्वाशे. इंजेक्शन अजून धरलंच नाही. प्रत्येक औषध आपापल्या मर्यादेत, आणि माणूस मर्यादेच्या बाहेर.

आत्या: म्हणजे डॉक्टरांना बेरीज येत नाही?

भाचा: येते. पण ही चिठ्ठी एका दिवसात कुणी लिहिलेली नाही. फाईल बघ. रिस्पेरिडॉन पहिल्या डॉक्टरांनी दिलं. ॲडमिट असताना दुसऱ्यांनी ओलान्झापिन सुरू केलं; रिस्पेरिडॉन हळूहळू बंद करायचं ठरलं होतं, तसं लिहिलंही आहे. डिस्चार्ज झाला आणि बदल अर्ध्यावरच राहिला. पुढे गोळ्या चुकायला लागल्या म्हणून इंजेक्शन आलं. इंजेक्शन सुरू झालं म्हणून गोळ्या कमी झाल्या का? नाही. ‘रिपीट ऑल’.

(भाच्याच्या या मुद्द्याला तोड नाही असं मला वाटतं. एका औषधावरून दुसऱ्यावर जाताना काही आठवडे दोन्ही सोबत द्यावी लागतात, त्यात गैर काही नाही. पण पुलाच्या मध्यावर उभं असताना रुग्णाला बरं वाटलं, तर त्याला तिथून हलवायला सगळेच घाबरतात. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना दोन अँटिसायकॉटिक नियमितपणे एकत्र सुरू करू नयेत असं सांगतात, आणि औषध बदलतानाचा थोडा काळ अपवाद म्हणून सोडतात. हा थोडा काळ आपल्याकडे अकरा वर्षांचा होऊ शकतो.)

आत्या: तू त्या वॉर्डात रात्रपाळी केली नाहीस. ऐंशी माणसं, दोन सिस्टर, एक अटेंडंट. एक जण भडकला की चौघं भडकणार. सेरेनेस-फेनर्गन दिलं की वॉर्ड शांत. तेही दोन औषधंच होती ना? बांधून ठेवण्यापेक्षा बरी की नाही?

भाचा: बरी. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं त्यावर चांगला अभ्यास केलाय, २००४ साली छापून आला. पण त्यातलं फेनर्गन झोप यावी आणि सेरेनेसनं, म्हणजे हॅलोपेरिडॉलनं, मान-जबडा आखडू नये म्हणून असतं. आणि ती जोडी त्या रात्रीपुरती होती. रात्रीचं औषध माणसाला जन्मभर लावायचं का?

आत्या: आणि ती तीन-एक गोळी? ट्रायफ्लुओपेराझिन, क्लोरप्रोमाझिन आणि ट्रायहेक्सिफेनिडिल, तिन्ही एकातच. आम्ही डब्यातून वाटायचो. जुन्नर-भोरकडच्या म्हाताऱ्या आईला तीन गोळ्यांची नावं सांगत बसू की ‘ही पांढरी रात्री दे’ म्हणू? स्वस्त पडायची आणि चुकायची नाही.

भाचा: तिचाच मला राग आहे. एक वाढवायचं म्हटलं की तिन्ही वाढतात. पाय थरथरतात म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल जास्त हवं, तर अँटिसायकॉटिकही जास्त घ्या, म्हणजे पाय आणखी थरथरतील. दोन अँटिसायकॉटिक एकत्र देण्याला आपण मोठा निर्णय म्हणतो, आणि तोच निर्णय एका गोळीत बांधून दुकानात ठेवतो. सरकारनं मार्च २०१६ मध्ये ३४४ ठरावीक मिश्रणांवर बंदी घातली, मग वर्षानुवर्षं कोर्टकचेरी चालली. मुळात अशा गोळ्या बाजारात येतात कशा, हा प्रश्न आहे.

आत्या: बाजार राहू दे. मला एवढंच सांग, एकानं भागत नसेल तर दुसरं का नको? एका पॅरासिटामॉलनं ताप उतरला नाही तर आपण दुसरं काहीतरी देतोच की.

भाचा: कारण बहुतेक अँटिसायकॉटिक एकाच दारावर थाप मारतात. मेंदूत डोपामीनचे डी-टू नावाचे ग्राहक असतात. शितिज कपूर आणि त्यांच्या टोरांटोच्या सहकाऱ्यांनी २००० साली रुग्णांच्या मेंदूचे पेट स्कॅन करून दाखवलं, की हॅलोपेरिडॉलनं साधारण ६५ टक्के ग्राहक अडवले की गुण दिसू लागतो, ७२ च्या पुढे प्रोलॅक्टिन वाढतं आणि ७८ च्या पुढे हात-पाय आखडायला लागतात. गुण आणि त्रास यांच्यात जागा एवढीच. एका औषधानं दार अडलेलं असताना दुसरं आणून उभं केलंस, तर गुण वाढेलच असं नाही. त्रास मात्र वाढतो.

आत्या: प्रोलॅक्टिनचं तू एका शब्दात आटपलंस. बायकांच्या वॉर्डात ते एका शब्दात आटपत नाही. पाळी बंद. लग्न न झालेल्या मुलीच्या छातीतून दूध. आई रडत यायची, हिचं काही वाकडं पाऊल पडलं का म्हणून. त्या मुलीनं गोळी थुंकली नाही तरच नवल. मग आम्ही लिहायचो, ‘रुग्ण औषधाला विरोध करते’.

भाचा: बघ, तूच माझी बाजू मांडतेस.

आत्या: तुझी नाही, तिची. आणि अशा वेळी डॉक्टरांनी रिस्पेरिडॉनबरोबर थोडं ॲरिपिप्राझॉल दिलं की दूध थांबायचं, पाळी यायची. झाली की नाही दोन अँटिसायकॉटिक?

भाचा: झाली. आणि ते बरोबरच होतं. ॲरिपिप्राझॉल त्याच दारावर अर्धवट उघडा अडसर लावतं, त्यामुळे प्रोलॅक्टिन उतरतं. क्लोझापिनवरच्या माणसाचं वजन थोडं आटोक्यात यावं म्हणूनही ते जोडतात. माझं भांडण दोन या आकड्याशी नाही. दुसरं का दिलं, ते त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नाही, त्याच्याशी आहे.

इथे थोडं या दोघांच्या पुण्याबद्दल. ‘येरवड्याला पाठवायला हवं’ हे वाक्य या शहरात थट्टेत सहज येतं. येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या मंजूर खाटा २५४०, म्हणजे थट्टेमागे एक आख्खं गाव वसलेलं आहे. घरात राहून आजार सांभाळणाऱ्यांचं पुणं मात्र बराच काळ गप्प होतं. कॅलगरीत संख्याशास्त्र शिकवणाऱ्या जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारपणाच्या अनुभवातून १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ २००४ साली आला आणि हा आजार मराठी घरांत नावानिशी बोलला जाऊ लागला. औषध बंद करायचं नाही, हे आपण एव्हाना शिकलो. किती आणि का, हे विचारायला अजून शिकायचे आहोत, आणि त्यावर सिनेमा निघणं अवघड.

आत्या: आता मी एक सांगते, ते तुझ्या पुस्तकात आहे का बघ. बिडी ओढणारा पेशंट यायचा. वॉर्डात बिडी बंद. डोस तोच, तरी आठवड्यात पोरगा पेंगायला लागायचा, लाळ गळायची. डिस्चार्ज मिळाला की टपरीवर पहिला झुरका. महिन्याभरात आवाज परत सुरू. घरचे म्हणणार, गोळी लागू पडत नाही. की आली दुसरी गोळी.

भाचा: पुस्तकात आहे, पण कुणी इतकं सरळ सांगितलेलं नाही. बिडीच्या धुरानं यकृतातलं एक एन्झाइम जोरात काम करतं आणि ओलान्झापिन, क्लोझापिन रक्तातून लवकर साफ होतात. बिडी सुटली की तोच डोस जास्त पडतो. हे काम धुराचं, निकोटिनचं नाही. म्हणून तंबाखू मळणाऱ्याला हा फरक पडत नाही.

आत्या: मळणारे वेगळे पडायचे हे आम्हाला दिसायचं. कारण माहीत नव्हतं.

भाचा: म्हणजे दुसरी गोळी द्यायच्या आधी विचारायचं, बिडी ओढतोस का, किती ओढतोस, मध्ये सोडली होतीस का. पाच रुपयांचाही खर्च नाही.

आत्या: आणि पाय. हॅलोपेरिडॉलनं पाय शांत राहत नाहीत. बसवलं की उठतो, उभं केलं की जागच्या जागी पावलं टाकतो. नवीन डॉक्टरला वाटायचं, पेशंट अस्वस्थ आहे, डोस वाढवा. मी सांगायची, साहेब, डोक्यात नाही, पायात आहे. ऐकणारे ऐकायचे.

भाचा: आणि न ऐकणारे वाढवायचे. अस्वस्थतेला औषध, औषधाच्या त्रासाला औषध, त्या औषधाच्या त्रासाला आणखी एक. या मुलाचं ट्रायहेक्सिफेनिडिलही त्याच रांगेतलं. तोंड कोरडं, पोट साफ नाही, विसराळूपणा. घाम कमी येतो, म्हणजे एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी बाहेर पाठवलं तर अंग तापायची भीती. अँटिसायकॉटिक कमी झालं तर हेही हळूहळू कमी होईल. ईसीजी शेवटचा कधी काढला?

आत्या: फाईलमध्ये नाही.

भाचा: हॅलोपेरिडॉलनं ईसीजीतलं क्यूटी अंतर वाढतं. बाकीचीही त्यात कमी-जास्त भर घालतात. एक औषध असताना ईसीजी चुकला तर एक वेळ समजू शकतो. तीन असताना?

आत्या: कबूल. पण मला टोचतंय ते वेगळंच. तू म्हणशील, मग क्लोझापिन द्या. सगळे शिकलेले शेवटी तिथेच येतात.

भाचा: येणारच. जॉन केन यांचा १९८८ चा अभ्यास असा होता, की आधीच्या औषधांनी बरे न झालेल्या रुग्णांत क्लोझापिननं सहा आठवड्यांत ३० टक्के सुधारले, क्लोरप्रोमाझिननं ४ टक्के. दोन औषधं पुरेशा डोसात, पुरेसे आठवडे देऊन उपयोग झाला नाही तर क्लोझापिनचा विचार करायचा, हा नियम जगभर आहे. या मुलाला ते एकदाही दिलेलं नाही. सरळ रस्ता सोडून दोन आडवाटा एकत्र बांधल्या.

आत्या: सरळ रस्त्याचं तिकीट कोण काढणार? पांढऱ्या पेशींची तपासणी पहिले कित्येक आठवडे दर आठवड्याला.

भाचा: ब्रिटनमध्ये पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला, मग वर्षापर्यंत पंधरवड्याला, पुढे महिन्याला, अशी पद्धत वर्षानुवर्षं चालत आली. फिनलंडमध्ये १९७५ साली पांढऱ्या पेशी घटून रुग्ण दगावले, तेव्हापासूनची ही शिस्त. अमेरिकेनं मात्र २०२५ मध्ये औषध द्यायच्या आधी तपासणीची नोंद दाखवायची सक्ती काढून टाकली. तपासण्या करा म्हणतात, पण त्या अडसरापायी औषधच मिळत नव्हतं हे त्यांनाही पटलं.

आत्या: तुझ्या अमेरिकेतल्या पेशंटच्या आईला सुट्टी मिळते. या मुलाच्या वडिलांचं वय बहात्तर. दर आठवड्याला मुलाला रिक्षात घालून लॅबला न्यायचं, तो सुईला घाबरणार, रिपोर्ट डॉक्टरांना पाठवायचा, आणि एवढं करून बद्धकोष्ठानं आतडं अडकायची भीती आहेच. दोन दिवस गोळी चुकली तर?

भाचा: अठ्ठेचाळीस तासांच्या वर खंड पडला तर पुन्हा साडेबारा मिलिग्रॅमपासून सुरुवात.

आत्या: बघ. म्हणून डॉक्टर दुसरी गोळी देतात. त्यांना कळत नाही म्हणून नाही, घराला झेपणार नाही हे कळतं म्हणून.

(भाचा इथे थांबला, आणि थांबायलाच हवं होतं. गोळ्यांची संख्या वाढते त्यात डॉक्टरांच्या ज्ञानापेक्षा घराच्या दमाचा, रिक्षाभाड्याचा, ओपीडीतल्या रांगेचा हात मोठा असतो. पण यातून ‘म्हणून तीन गोळ्याच ठीक’ असं निघत नाही. आठवड्याला रक्त घ्यायला घरी येणारा माणूस हवा, असं निघतं.)

भाचा: बरं, क्लोझापिन बाजूला ठेवू. आहे त्यातलं एक काढता येईल का, एवढंच बघू. सुझन एसॉक आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दोन अँटिसायकॉटिकवर असलेल्या १२७ रुग्णांवर हेच करून पाहिलं. चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना एकावर आणलं. सहा महिन्यांनी त्यातले ६९ टक्के एकावरच टिकले होते. लक्षणांत, ॲडमिट होण्यात दोन्ही गटांत फरक नव्हता. एकावर आलेल्यांचं वजनही उतरलं.

आत्या: आणि उरलेले एकतीस?

भाचा: त्यातल्या बऱ्याच जणांना परत जुन्यावर यावं लागलं.

आत्या: म्हणजे तीन घरांतलं एक घर. मी त्या घरात राहते असं समज.

भाचा: परत येता आलं ना पण. प्रयोग फसला म्हणून कुणी दरीत पडलं नाही. उलट दोन तृतीयांश माणसं वर्षानुवर्षं एक औषध उगाच घेत होती, हे तर कळलं.

आत्या: अभ्यास सगळे तुझ्याच बाजूचे आहेत का रे?

भाचा: नाहीत. फिनलंडचा २०१९ चा आहे, यारी टीहोनेन यांचा. ६२,२५० रुग्णांच्या सरकारी नोंदी, वीस वर्षांच्या. त्यात क्लोझापिन आणि ॲरिपिप्राझॉल एकत्र घेणाऱ्यांना परत ॲडमिट व्हावं लागण्याचं प्रमाण सगळ्यांत कमी निघालं, एकट्या क्लोझापिनपेक्षाही. म्हणजे जोड्या वाईटच, असं आता कुणाला छातीठोक म्हणता येत नाही. पण नोंदींवरून काढलेला निष्कर्ष आहे तो. कुणाला काय द्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. आणि जोडी बघ. वेगवेगळ्या तऱ्हेनं काम करणारी दोन औषधं. आपल्या चिठ्ठीतली तिन्ही एकाच दाराला भिडलेली.

आत्या: हे सगळं कुणी वाचलं आणि उद्या घरच्या घरी एक गोळी काढून टाकली तर?

भाचा: तर मी हात जोडतो. अचानक काढली तर आजार उसळतो, मळमळ, घाम, झोप जाते, आणि घरचे म्हणतात, बघा, गोळी हवीच होती. काढायची ती डॉक्टरांनीच, एका वेळी एकच, आठवडे-महिने घेऊन, आणि लिहून.

आत्या: आपण दोघं इतका वेळ बोलतोय. त्याला विचारलं का?

भाचा: कुणाला?

आत्या: ज्याच्या पोटात गोळ्या जातात त्याला. मी विचारलं परवा. म्हणाला, आवाज अजून येतात, पण लांबून. आणि सकाळी अंग जड असतं, अंघोळीला उठवत नाही, त्यावरून आई बोलते. त्याला आवाज चालतील, सकाळ हवी आहे. डॉक्टरांसमोर वडील बोलतात, हा मान हलवतो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा. २०१८ पासून लागू आहे. त्याच्या घडणीत लॉ कॉलेज रोडवरच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या सौमित्र पाठारे यांचा मोठा हात. त्यात बाविसाव्या कलमानं रुग्णाला उपचार आणि त्यांचे माहीत असलेले दुष्परिणाम जाणून घ्यायचा हक्क आहे, पंचविसाव्यानं आपली वैद्यकीय कागदपत्रं बघण्याचा. बरं असताना आपल्याला कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवायचीही सोय आहे. याच पुण्यात भार्गवी दावर यांनी बापू ट्रस्ट काढून, ज्याच्यावर उपचार चालतात त्याचा शब्द पहिला, हे वर्षानुवर्षं लावून धरलं. त्यांची सगळी मतं पटायलाच हवीत असं नाही. मला पटत नाहीत. पण त्या मुलाची सकाळ चिठ्ठीच्या कुठल्याच रकान्यात नाही, ही गोष्ट आत्यानं विचारल्यावर कळली, हे खरं.

भाचा: मग त्याच्याच शब्दांत डॉक्टरांना लिहू. ‘गोळ्या कमी करा’ असं नाही लिहायचं. प्रत्येक औषध कधी, कशासाठी सुरू झालं, अजून त्याची गरज आहे का, ईसीजी आणि साखर कधी करायची, आणि एक कमी करून बघायचं ठरलं तर आधी कोणतं. मी बसून तारखांचा तक्ता करतो.

आत्या: कर. पण मे महिन्यात त्याच्या बहिणीचं लग्न आहे. तोवर कशालाही हात लावायचा नाही.

भाचा: लग्न झालं की दिवाळसण, मग बहिणीचं बाळंतपण, मग वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. अकरा वर्षं अशीच गेली ना?

आत्या: जून. पाऊस लागला की. पण आत्ताच सांग, गोळी कमी केल्यावर रात्री अडीचला तो उठून दार वाजवायला लागला तर फोन कुणाला करायचा? डॉक्टरांचा बंद असतो.

भाचा: १४४१६ आहे, टेलिमानस. फुकट आहे, मराठीत बोलतात.

आत्या: ते बोलतील. येणार कोण?

भाचा: मी येईन.

आत्या: बाणेरहून?

भाचा: रात्री रस्ता मोकळा असतो.

आत्या: मग त्या तक्त्याच्या खाली तुझा नंबर घाल. मोठ्या अक्षरात, त्याच्या वडिलांना चष्म्याशिवाय दिसेल असा.